घातक पदार्थ हाताळणाऱ्यांचे वार्षिक सुरक्षा प्रशिक्षण : सांगलीतील एका प्रयोगशाळेचा अभिप्राय

आमच्या सांगलीतील संशोधन संस्थेत माती, द्राक्षे, बेदाणा आणि हळद यांची तपासणी आणि त्यांवरील संशोधन चालते. आम्ले, ज्वलनशील द्रावके, दाबाखालील वायू आणि काही जैविक नमुने यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, अशा परिचरापासून विभागप्रमुखापर्यंत सर्वांना वर्षातून एकदा सुरक्षा प्रशिक्षण घेणे संस्थेने सक्तीचे केले आहे. त्यासाठी पुण्याची एक खासगी प्रशिक्षण संस्था गेली काही वर्षे आमच्याकडे येते. हा अभिप्राय तिच्या सेवेविषयी आहे. तिचे नाव येथे देत नाही, कारण ज्या उणिवा पुढे सांगणार आहे त्या तिच्या एकटीच्या नाहीत. हाच साचा मी इतर ठिकाणीही पाहिला आहे. सांगली-सातारा भागातील महाविद्यालये, औषधनिर्माणशास्त्राच्या संस्था आणि साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळा अशी सेवा घेण्याच्या विचारात असतील, तर त्यांना पैसे कशासाठी मोजायचे आणि कशासाठी नाही हे ठरवताना या लेखाचा उपयोग व्हावा.

सेवेचे दोन भाग आहेत. पहिला मोबाइलवर किंवा संगणकावर आपापल्या सोयीने पुरा करायचा आणि दुसरा प्रशिक्षक आपल्या संस्थेत येऊन पूर्ण दिवस घेतात तो. शुल्क माणशी नसून एकरकमी ठरते आणि ठरावीक संख्येपुढे वाढते. प्रवास, जेवण आणि आग विझवण्याच्या प्रात्यक्षिकाचे साहित्य यांचा खर्च वेगळा असतो, तो आधी लिहून घ्यावा.

ऑनलाइन भागाबद्दल फारसे चांगले लिहिता येत नाही. चित्रफितींतील प्रयोगशाळा परदेशातील आहे; तेथे फ्यूम हूड (घातक वाफा पंख्याने बाहेर खेचणारे, पुढे सरकती काच असलेले कपाट) कधी बंद पडत नाही, आणि सांडलेले आम्ल शोषून घेणारे तयार पाकीट हात लांबवला की मिळते. निवेदन इंग्रजीत आहे, त्यामुळे ज्या परिचरांचा बाटल्यांशी सर्वांत जास्त संबंध येतो त्यांना त्यातले निम्मे चित्रांवरूनच समजून घ्यावे लागते. शेवटी बहुपर्यायी प्रश्न येतात आणि अनुत्तीर्ण झाल्यास तेच प्रश्न त्याच क्रमाने पुन्हा समोर येतात. परिणामी उत्तरांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि संशोधक विद्यार्थी चहा पिता पिता प्रमाणपत्र मिळवतात. हा भाग वगळून सेवा मिळत असेल तर वगळावा.

प्रत्यक्ष दिवसाची सुरुवात कायद्याने होते. हा भाग थोडक्यात होतो आणि तो तसाच असावा. भोपाळच्या डिसेंबर १९८४ मधील वायुगळतीनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा कसा आला, १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण कसे घातले गेले आणि १९८९ मध्ये घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण व आयातीचे नियम कसे झाले, हे प्रशिक्षकांनी अर्ध्या तासात नीट सांगितले. त्यातला एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटला. कारखान्यात मोजके पदार्थ टनांनी हाताळले जातात आणि माणसे वर्षानुवर्षे तीच असतात; संशोधन संस्थेत शेकडो पदार्थ थोड्याथोडक्या प्रमाणात असतात आणि दर जूनमध्ये नवी मुले येतात. म्हणून एकदाच दिलेले प्रशिक्षण येथे टिकत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या बाबतीत तर २०१६ च्या नियमांनी, रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण द्यावे असे स्पष्टच म्हटले आहे, आणि हे नियम रुग्णालयांप्रमाणेच संशोधन व शैक्षणिक संस्थांनाही लागू आहेत. प्रक्रिया न केलेला असा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हे वाक्य आमच्या जैविक विभागातील दोघांनी तेथेच लिहून घेतले.

त्यानंतर बाटलीवरचे लेबल आणि त्या रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक यांचे सत्र झाले. लाल चौकटीच्या चौकोनातील धोक्याची नऊ चिन्हे पडद्यावर एकामागून एक दाखवण्याऐवजी प्रशिक्षकांनी आमच्याच कपाटातील बाटल्या टेबलावर मांडायला लावल्या आणि प्रत्येकाकडून एकेक वाचून घेतली. माहितीपत्रकात सोळा विभाग असतात. पत्रक सोळाही विभागांसह वाचणारा माणूस मी अद्याप पाहिलेला नाही, आणि प्रशिक्षकांचीही तशी अपेक्षा नव्हती. नवा पदार्थ हातात घेण्यापूर्वी चौथा म्हणजे प्रथमोपचाराचा, आठवा म्हणजे संरक्षक साधनांचा आणि दहावा म्हणजे स्थिरता व अभिक्रियांचा विभाग तरी वाचा, बाकीचे नंतर, असा त्यांचा सल्ला होता. हा व्यवहार्य सल्ला आमच्या विद्यार्थ्यांनी पाळलेलाही दिसतो.

दिवसातील सर्वांत चांगला तास हातमोज्यांचा होता. प्रशिक्षकांनी प्रत्येकाच्या मोज्यांवर ओली हळद चोळली आणि मोजे काढायला सांगितले. बहुतेकांच्या मनगटावर आणि काहींच्या एप्रनच्या बाहीवर पिवळे डाग उमटले; पहिला मोजा उलटा करत काढून दुसऱ्याच्या मुठीत धरणे आणि मग दुसरा आतून बोट घालून उलटवणे, ही कृती तिसऱ्या प्रयत्नाला सगळ्यांना जमली. हळदीच्या पेठेच्या गावात याहून स्वस्त आणि स्पष्ट प्रात्यक्षिक सुचणे कठीण आहे. त्यानंतर त्यांनी मोजा कशाचा आहे हा प्रश्न घेतला. डार्टमथ महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापक करेन वेटरहान यांच्या हातावर १९९६ च्या ऑगस्टमध्ये डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या विषारी संयुगाचे काही थेंब पडले. त्यांनी लॅटेक्सचे मोजे घातले होते, काम फ्यूम हूडमध्येच चालले होते आणि तरीही पुढल्या जूनमध्ये पाऱ्याच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. तो पदार्थ लॅटेक्समधून काही सेकंदांत आरपार जातो, हे त्यानंतरच्या चाचण्यांत दिसले.

आमच्याकडे डायमिथाइल मर्क्युरी नाही, पण याच मुद्द्याचा धागा आमच्या टेबलापर्यंत आला. हळदीतील कर्क्युमिन वेगळे काढताना आमच्याकडे अ‍ॅसिटोन वापरले जाते, आणि प्रयोगशाळांत सर्वत्र दिसणारे निळे नायट्राइल मोजे अ‍ॅसिटोनला फार थोडा वेळ थोपवतात. थेंब उडाल्यास मोजा लगेच बदलायचा आणि द्रावकात सतत हात राहणार असेल तर ब्यूटाइल रबराचा मोजा घ्यायचा, हे आता आमच्या एक्स्ट्रॅक्शनच्या टेबलावर मराठीत लिहून चिकटवलेले आहे.

एप्रनच्या बाबतीतही त्यांनी नुसता नियम सांगितला नाही. २००८ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हवेत आपोआप पेट घेणारे एक रसायन सिरिंजमधून उडाले आणि एका तरुण संशोधन सहायिकेच्या कृत्रिम धाग्याच्या स्वेटरने पेट घेतला. तिच्या अंगात एप्रन नव्हता; काही आठवड्यांतच तिचा मृत्यू झाला. ही घटना सांगून त्यांनी आमच्या परिचर मावशींच्या पॉलिएस्टर साड्यांकडे विषय वळवला, आणि तो वळवताना कोणाला ओशाळे वाटणार नाही याची काळजी घेतली. सुती एप्रन, पुढून पूर्ण बटणे, पदर आणि ओढणी आत खोचलेली, एवढेच त्यांचे मागणे होते. एप्रन सुतीच द्यायचे तर खरेदी विभागाला पुरवठादार बदलावा लागतो, आणि हे काम प्रशिक्षकाचे नाही.

दुपारी मोकळ्या जागेत आग विझवण्याचे प्रात्यक्षिक झाले. वाऱ्याला पाठ द्यायची, ज्वाळांच्या शेंड्याकडे न धरता बुडाशी रोख धरायचा, कार्बन डायऑक्साइडच्या यंत्राचे शिंगासारखे तोंड उघड्या हाताने पकडायचे नाही कारण ते बर्फासारखे गार होते, हे सगळे प्रत्येकाकडून करून घेतले गेले. सोडियमच्या आगीवर ते यंत्र चालत नाही, कोरडी वाळूच लागते, हेही सांगितले. त्यानंतर डोळे धुण्याचा नळ सुरू करून दाखवायला त्यांनी सांगितले, तेव्हा त्यातून सुरुवातीला तांबूस पाणी आले. हा नळ आठवड्यातून एकदा चालवून पाहावा आणि डोळ्यात रसायन गेल्यास पंधरा मिनिटे धुवत राहावे, हे बहुतेकांनी पुस्तकात वाचलेले होते. पंधरा मिनिटे म्हणजे किती वेळ हे मात्र एका स्वयंसेवकाला नळाशी उभे केल्यावरच कळले.

या सेवेचे खरे मोल रसायनांच्या भांडारात कळते. आमच्या आग्रहावरून प्रशिक्षकांनी तेथे दोन तास दिले. आम्लांच्या कपाटात नायट्रिक आम्लाशेजारी अ‍ॅसिटिक आम्ल होते, कारण दोन्ही आम्लेच. पण अ‍ॅसिटिक आम्ल ज्वलनशील आहे आणि नायट्रिक हे प्रबळ ऑक्सिडीकारक, म्हणजे ज्वलनाला जोर देणारे, म्हणून ती वेगळ्या कपाटांत हवीत. डायइथाइल ईथर आणि टेट्राहायड्रोफ्युरान यांच्या बाटल्या कधी उघडल्या याची तारीख त्यांवर नव्हती. हवेच्या संपर्काने या द्रावकांत कालांतराने स्फोटक पेरॉक्साइडे तयार होतात, त्यामुळे उघडल्याची तारीख हीच त्या बाटलीवरची सर्वांत महत्त्वाची ओळ ठरते. मागच्या कोपऱ्यात पिक्रिक आम्लाची एक जुनी बाटली निघाली. हा पदार्थ पाण्याखाली ओला ठेवायचा असतो, कोरडा झाला की तो स्फोटकासारखा वागतो. ती बाटली हलवायची नाही, झाकणाला हात लावायचा नाही आणि खोली बंद करून तज्ज्ञांना कळवायचे, एवढे त्यांनी शांतपणे सांगितले आणि स्वतःही तिला हात लावला नाही. जुन्या वस्तू बेवारस पडून राहिल्या की काय होते, यासाठी त्यांनी दिल्लीतील मायापुरीचे उदाहरण दिले : २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील वर्षानुवर्षे न वापरलेले गॅमा किरणांचे यंत्र भंगारात विकले गेले, त्यातील किरणोत्सारी कोबाल्ट-६० मायापुरीच्या भंगार बाजारात उघड्यावर आला आणि एका कामगाराचा त्यात जीव गेला.

याच फेरीत एका परिचर मावशींनी विचारलेला प्रश्न संपूर्ण दिवसातील सर्वांत नेमका होता. "साहेब, बेसिनमध्ये ओतायचं नाही म्हणता, मग ओतायचं कुठं ते सांगा की." प्रशिक्षकांनी लगेच चार कॅन मागवले आणि क्लोरीनयुक्त द्रावके, इतर द्रावके, आम्ले व जड धातूंची द्रावणे अशी त्यांची वाटणी करून दाखवली. कॅन तीन चतुर्थांशांपेक्षा जास्त भरायचा नाही, आणि नायट्रिक आम्लाच्या कॅनमध्ये अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन चुकूनही टाकायचे नाही, कारण बंद झाकणाखाली वायू साठून कॅन फुटतो. घातक कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि आपल्या भागातून तो पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या सामाईक प्रक्रिया केंद्राकडे जातो, हेही त्यांनी सांगितले. ही वाटणी आता आमच्याकडे रुळली आहे, आणि कॅनवरची मराठी लेबले त्या मावशींनीच लावली आहेत.

आता उणिवांकडे येतो. प्रशिक्षकांना रसायने ठाऊक आहेत, पण आमच्या भागातील काम ठाऊक नाही. मातीतील सेंद्रिय कर्ब मोजण्याची १९३४ पासूनची वॉकली-ब्लॅक पद्धत येथील माती परीक्षणात सर्रास वापरली जाते. तिच्यात दर नमुन्याला १० मिलिलिटर डायक्रोमेट आणि २० मिलिलिटर संहत गंधकाम्ल लागते, आणि खरिपाच्या तोंडावर नमुन्यांचा ढीग पडतो. डायक्रोमेटमधील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, एवढे सांगून प्रशिक्षकांनी सगळ्या उरलेल्या द्रावणांना एकच नियम लावला. प्रत्यक्षात टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने दुसरे द्रावण मिसळून केलेले मोजमाप, पुरे झाल्यावर त्यातील बहुतांश क्रोमियम त्रिसंयुजी, म्हणजे बरेच कमी घातक, झालेले असते. जास्त जपायला हवे ते डायक्रोमेटची भुकटी तोलताना, उरलेल्या साठ्याच्या द्रावणाबाबत आणि अर्धवट सोडलेल्या नमुन्यांबाबत. हा फरक सांगितला नाही की माणसे एक तर सगळ्यालाच घाबरतात किंवा कशालाच घाबरत नाहीत. शेजारच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतील दोघे आमच्याबरोबर बसले होते. रस निवळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शिशाच्या क्षाराबद्दल त्यांनी विचारले, तेव्हा मात्र उत्तर चांगले मिळाले : कोरडी भुकटी वाऱ्यावर तोलू नका, गाळणीचा कागद साध्या कचऱ्यात टाकू नका, आणि शिशाशिवाय चालणारे पर्याय उपलब्ध आहेत, ते वापरून पाहा.

हवामानाचा विचार तर आराखड्यात नाहीच. डायइथाइल ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळते, आणि एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत पारा त्याच्या बराच वर असतो. म्हणजे वातानुकूलन नसलेल्या खोलीत ती बाटली उकळण्याच्या बेतात असते. अमोनियाच्या बाटलीचेही तसेच. उन्हाळ्यात ती थेट उघडली की आतला वायू तोंडावर येतो. या ठिकाणी आमच्या एका जुन्या परिचर मामांनी प्रशिक्षकांना दाखवले की ते बाटली आधी बर्फाच्या पाण्यात ठेवतात, मग फ्यूम हूडमध्ये फडक्याखाली हळूहळू झाकण सैल करतात आणि तोंड समोर कोणी नाही अशा दिशेला ठेवतात. प्रशिक्षकांनी ते लिहून घेतले, याबद्दल त्यांचे कौतुक आहे. वीज गेल्यावर फ्यूम हूडचा पंखा थांबतो, तेव्हा चालू प्रयोगाचे काय करायचे, याचे उत्तर मात्र त्यांच्याकडे "जनरेटर असेलच ना" एवढेच होते. काच खाली ओढायची, तापक बंद करायचा आणि खोलीबाहेर जायचे, हे आमचे आम्ही ठरवले.

आणि पूर. कृष्णेची आयर्विन पुलाजवळची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. २००५ आणि २०२१ मध्येही शहरात पाणी शिरले होते. असे असताना शहरातील अनेक प्रयोगशाळांची भांडारे तळमजल्यावर आहेत, कारण जड बाटल्या आणि सिलिंडर जिन्याने वर नेणे कोणालाच नको असते. केरोसीनखाली ठेवलेला सोडियम, पाणी लागताच अ‍ॅसिटिलीन सोडणारे कॅल्शियम कार्बाइड आणि पाण्याशी भडकणारी हायड्राइडे पुरात सापडली तर ती खोली कोणी उघडायची? काही रिकामे सिलिंडर पाण्यावर तरंगतात आणि आपटून त्यांची तोंडे मोडू शकतात. लेबले धुऊन जातात, आणि पाणी ओसरल्यावर चिखलात सापडलेल्या बाटलीत काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. मी हा प्रश्न विचारला तेव्हा भूकंपाच्या वेळी टेबलाखाली कसे बसावे याची पारदर्शिका दाखवण्यात आली. कृष्णाकाठच्या संस्थेकडून शुल्क घेऊन येणाऱ्याने एवढी तयारी करून यायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिवसाच्या शेवटी लेखी परीक्षा आणि प्रमाणपत्र. परीक्षा ऑनलाइन भागापेक्षा बरी आहे, कारण ती प्रशिक्षकांसमोर होते आणि प्रश्न मराठीतही मागता येतात. तरी ज्याला मोजे नीट काढता आले नाहीत आणि ज्याला आले, अशा दोघांनाही सारखेच प्रमाणपत्र मिळते. प्रात्यक्षिकाचे गुण कोठेच धरले जात नाहीत. हाताळणारा हात तपासायचा आणि गुण मात्र कागदाला द्यायचे, हे लेखापरीक्षणाला पुरते, प्रयोगशाळेला पुरत नाही. शिवाय पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आणि वीस वर्षे काम केलेले तंत्रज्ञ यांना दर वर्षी तोच दिवस तसाच दिला जातो. मागच्या वर्षीची विनोदी उदाहरणेही जशीच्या तशी ऐकायला मिळाली, तेव्हा मागच्या रांगेत शेवटचे वाक्य आधीच कुजबुजले जात होते.

एवढे असूनही ही सेवा मी पुन्हा घेईन, कारण हातमोजे, आग आणि भांडार हे तीन भाग जेवढे चांगले होतात तेवढे आमचे आम्हाला करता आले नसते. घेणाऱ्यांनी मात्र ठरावपत्रातच काही अटी घालाव्यात. व्याख्यानापूर्वी प्रशिक्षकाने भांडाराची फेरी घ्यावी, म्हणजे उदाहरणे तुमच्याच कपाटातील येतील. परिचरांसाठी वेगळे मराठी सत्र असावे आणि ते शेवटी उरलेल्या वेळात ढकलले जाऊ नये. जुन्या कर्मचाऱ्यांसाठी दिवस अर्धा करून उरलेला वेळ प्रात्यक्षिकाला द्यावा. तारीख उन्हाळा सुरू होण्यापूर्वीची धरावी. जूनच्या नव्या मुलांसाठी हातमोजे आणि कचऱ्याचे कॅन एवढे दोन तास संस्थेतील जाणत्या तंत्रज्ञाने स्वतंत्रपणे घ्यावेत, त्यासाठी पुण्याहून कोणाला बोलवायची गरज नाही.

पुढील वर्षाच्या पत्रात आम्ही या अटी लिहिल्या आहेत आणि प्रशिक्षण संस्थेने त्या बहुतेक मान्य केल्या आहेत. ऑनलाइन भाग वगळण्यास त्यांनी नकार दिला, पण प्रश्नांचा क्रम दर वेळी बदलेल असे कळवले. पुराच्या विषयासाठी त्यांनी आमच्याकडूनच इमारतीचा नकाशा, तळमजल्यावरील रसायनांची यादी आणि २०१९ च्या पाणीपातळीची खूण कोठपर्यंत होती याची माहिती मागवली आहे. नकाशा आणि यादी पाठवली आहे; पाण्याची खूण मोजून कळवायची आहे.